सात नंबरची स्लाइड

त्याला सगळे लालबोटे म्हणत. मस्टरवर नाव वेगळं होतं, पण ते मस्टरलाच ठाऊक. सव्वीस वर्षं त्यानं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढली होती. खोडाचा नाहीतर मुळाचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ काप काढायचा, त्यावर लाल रंग टाकायचा, म्हणजे आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या उठून दिसतात. तो रंग बाटल्यांत भरता भरता उजव्या हाताच्या तीन बोटांनी कायमचा धरला. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. बोटं लाल ती लालच. बायको म्हणायची, "तुमच्या हातून पाण्याचा पेला घेताना वाटतं, कुणाचा तरी मुडदा पाडून आलात."

त्या दिवशी तो सकाळी सातपासून उभा होता. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. दहा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक वस्तू. कुठं वाळलेलं शेवाळ, कुठं बरणीतली बुरशी, कुठं मायक्रोस्कोपखाली स्लाइड. समोर चिठ्ठी: ओळखा, दोन कारणं द्या. दोन मिनिटं झाली की घंटा, आणि सगळ्यांनी पुढच्या टेबलावर सरकायचं. घंटा लालबोटेच्या हातात. बेचाळीस विद्यार्थी, दहादहाच्या तुकड्या, शेपटाला दोन उरलेले. गुडघे म्हणत होते बस, आणि बसायला असलेल्या एकुलत्या एक खुर्चीत बाहेरून आलेले परीक्षक बसले होते, मानेला पट्टा बांधून.

तीन वर्षं इथं झाडं शिकवतात म्हणे. काय शिकवतात, ते लालबोटेला विचारा. पेशीच्या आतली सगळी अडगळ पोरं घडाघडा म्हणून दाखवतात. पान उन्हातून अन्न कसं करतं त्याचं चक्र फळ्यावर डोळे मिटून काढतात, बाणांसकट. आणि विभागाच्या फाटकाशी जे झाड आहे, ज्याच्या सावलीत तीन वर्षं टोळकी करून उभी राहतात, ज्याच्या पडलेल्या फळांनी बूट जांभळे झाले की शिव्या घालतात, त्याचं नाव विचारा. "ते सिलॅबसमध्ये नाही, काका." तुतीचं झाड आहे, गाढवांनो. ते सिलॅबसमध्येही आहे. पान दोनशे बारावर, तुमच्याच पुस्तकात, चित्रासकट. पण चित्रातली तुती आणि फाटकाजवळची तुती यांची ओळख कुणी करून द्यायची?

सात नंबरच्या टेबलावर एक स्लाइड होती. तिच्या काचेवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'द्विदल वनस्पतीचं जुनं मूळ, आडवा छेद', आणि परीक्षेपुरता त्या चिठ्ठीवर कागद चिकटवला होता. तर लालबोटे सकाळपासून बघत होता. पोरगा सातव्या टेबलाशी यायचा. मायक्रोस्कोपच्या नळीला डोळा लावायच्या आधी वाकून, बाजूनं, नुसत्या डोळ्यांनी स्लाइडचा कोपरा बघायचा. त्या कोपऱ्यात काचेखाली मसुरीएवढा हवेचा बुडबुडा अडकलेला होता. तो दिसला की पोराचा चेहरा खुलायचा, आणि उभ्या उभ्या 'मूळ' लिहून टाकायचा. कारणं पाठ होतीच. कुणी कुणी मग शिष्टाचार म्हणून नळीत डोकवायचे. बरेचसे तेही करत नव्हते.

एकेचाळीस जण असे गेले.

आणि हे त्यांना शिकवलं कुणी? त्यानंच. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं कायम त्याच्याभोवती जमायची. "काका, काहीतरी सांगा ना, तुमच्या पाया पडतो." मग तो पुटपुटायचा, "ओरखडा असेल ती मक्याची. कोपरा उडालेली सूर्यफुलाची. बुडबुडा दिसला की मूळ." पोरं तेवढं धरायची आणि पास व्हायची. सगळ्यांचं भलं. शिक्षक खूश, निकाल खूश, आणि लालबोटेला दोन घटका कुणीतरी विचारलं म्हणून तोही खूश.

बेचाळिसावी होती रोपवाली.

हे तिचं नाव पोरांनी पाडलेलं. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई, एका पोराची आई, सकाळी नर्सरीत रोपं भरायची आणि मातीनं भरलेल्या नखांनिशी तासाला येऊन बसायची. निम्म्या तासांना यायचीच नाही. शिक्षकांना ती डोळ्यांत सलायची. "रोपं विकायला डिग्री कशाला लागते?" असं मोठ्या बाईंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, भर वर्गात विचारलं होतं. ती म्हणाली होती, "विकायला नाही लागत बाई. ती का मरतात ते कळायला लागते." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. तिचा हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता; आधीच्या दोन्ही वेळी ती प्रात्यक्षिकाला पोचूच शकली नव्हती. तीनदा नापास झालं की नियमाप्रमाणे नावच कटतं, तीन वर्षं गेली मातीत. बियाणं तपासणीच्या कचेरीत तिला जागा मिळत होती, पण पासचा कागद दाखवल्यावर. आदल्या दिवशी ती लालबोटेकडे आली नव्हती. कलमं बांधायचा हंगाम होता, तिला कोण सोडतंय?

ती सातव्या टेबलाशी आली आणि तिनं कोपरा बघितला नाही. सरळ नळीला डोळा लावला. डोळा तसाच. एक हात चाकावर, हळूहळू खालीवर करत. स्लाइड थोडी सरकवली. पुन्हा डोळा. लालबोटेच्या हातातल्या घड्याळात दोन मिनिटं भरली, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं घंटा लगेच वाजवली नाही. ती बरोबर मध्यात बघत होती. अकरा वर्षांत तिथं कुणी बघितलं नव्हतं.

तिनं लिहिलं, पेन ठेवलं, आणि त्याच्याकडे बघितलं. तेव्हा कुठं त्यानं घंटा वाजवली.

आता ती स्लाइड काय होती ते सांगायला हवं.

खोडाच्या अगदी मध्यात मऊ गाभा असतो. त्याला भेंड म्हणतात. जुन्या मुळात भेंड नसतं, मध्यापर्यंत लाकूडच लाकूड. एरवी जुनं झालं, जाड झालं, की खोड आणि मूळ जुळ्या भावांसारखी दिसायला लागतात. मध्यात बघितल्याशिवाय कोण कुठला ते कळत नाही. अकरा वर्षांपूर्वी बाहेरून मागवलेल्या पेटीतली मुळाची स्लाइड लालबोटेच्या हातून धुताना सटकली आणि फुटली. बाईंनी सांगितलं, "उद्या सकाळी मला नवीन हवी, काय वाटेल ते करा." त्याच दिवशी त्याच्या बायकोचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. तो खुरपं घेऊन फाटकाशी तुतीखाली बसला. जमीन दगड झालेली. चार घाव घातले, खुरप्याचा दांडा हलला, मूळ काही हाती लागेना. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, आत घेतलं म्हणून. तो उठला, हाताशी आलेली बोटभर जाडीची फांदी मोडली, आणि प्रयोगशाळेत गेला.

कोण बघतंय, असं तो स्वतःशी म्हणाला होता. आणि खरंच कुणी बघितलं नाही.

काप मात्र त्यानं असा काढला होता की बघत राहावं. नव्या पात्याच्या पहिल्या धारेनं. मग रंग, मग अल्कोहोलच्या एकेका पायरीवरून काप नेत सगळं पाणी काढायचं, मग डिंकासारखा बाल्सम आणि वर काच. काच ठेवताना जरा घाई झाली, कारण डोकं दवाखान्यात होतं. तोच तो बुडबुडा. चिठ्ठीवर त्यानं सुवाच्य अक्षरात 'मूळ' लिहिलं.

तीन वाजता तो चहा घेऊन आतल्या खोलीत गेला. मोठ्या बाई आणि पट्टेवाले परीक्षक उत्तरं तपासत होते. एक जण उत्तर वाचायचा, दुसरा गुण मांडायचा. निकालाचं पाकीट पाचला लाखेनं बंद करून पाठवायचं होतं, आणि परीक्षकांची परतीची गाडी सहाची. दोघांच्याही तोंडावर एकच भाव होता: सुटू दे एकदा.

"सात," परीक्षकांनी वाचलं. "हिनं खोड लिहिलंय. कारण एक, मध्यात भेंड आहे. कारण दोन, भेंड आहे म्हणून मूळ असू शकत नाही."

"भेंड म्हणे!" बाईंनी शून्य मांडलं. "आयुष्यभर झाडं हाताळून खोड आणि मूळ कळत नाही. हिचं काय लोणचं घालायचं?"

"एकूण एकोणीस होतायत. वीसला पास ना?"

"प्रात्यक्षिकाच्या वहीचे गुण मी काही देऊ शकत नाही. निम्मी प्रात्यक्षिकं चुकवलीत. चला, पुढचं वाचा."

लालबोटेनं कप ठेवला. बशीत चहा सांडला.

"लक्ष कुठंय तुमचं?" बाई म्हणाल्या.

"इथंच आहे बाई," तो म्हणाला, आणि बाहेर आला.

बाहेर म्हणजे सामानाच्या खोलीत. तिथं एक लाकडी खोकं होतं, त्यावर तो बसला. सकाळपासून पहिल्यांदा बूड टेकलं. आता हे असं असतं बघा. माणूस दमलेला असला की त्याला वाटतं, आपण आधीच पुष्कळ केलंय, आता आणखी काही करायची पाळी आपली नाही. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. कागद वरच्या कचेरीत गेले होते. एवढी वर्षं एक शेरा नाही, एक नोटीस नाही. आणि ती बाई त्याची कोण लागत होती? कुणीच नाही. ती त्याच्याशी कधी काका म्हणून चार शब्दही बोलली नव्हती. येताना नमस्कार, जाताना नमस्कार.

त्यानं घरी फोन लावला.

"बोला," बायको म्हणाली. "डबा खाल्लात?"

"खाल्ला. ऐक. ती स्लाइड आहे ना, तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी केलेली..."

"मूळ म्हणून खोड घातलंत ती? दर वर्षी परीक्षा आली की तुम्हाला त्या स्लाइडीची सय येते."

"आज एका बाईनं ओळखली."

"अगोबाई! इतक्या वर्षांनी? मग काय, बक्षीस दिलं का तिला?"

"नापास केलीय. एका गुणानं."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला.

"मग तुम्ही मला का सांगताय?" बायको म्हणाली. "मी बसलेय का तिथं गुण द्यायला?"

"तीन महिने राहिलेत गं. बाई शेरा मारतील."

"मारू देत. शेरा काय चावतो का? आणि हे बघा, तिथं माझं ऑपरेशन मध्ये आणू नका. मी भूल घेऊन पडले होते. मी नव्हतं म्हटलं खोड कापा म्हणून."

"तुझ्याचसाठी धावलो होतो ना?"

"धावलात, बरं केलंत. पण दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर होते, तिसऱ्या दिवशी घरी होते. तेव्हापासून मूळ खणायला जमीन नांगराची वाट बघत होती का?"

त्यानं फोन खिशात टाकला.

लाख तापवायची वेळ झाली होती. त्यानं स्पिरिटचा दिवा, लाखेची कांडी आणि शिक्का एका तबकात घेतले, आणि दुसऱ्या हातात सात नंबरचा मायक्रोस्कोप, स्लाइडसकट, मुलाला कडेवर घ्यावं तसा कवटाळून आतल्या खोलीत गेला. पाकीट टेबलावर तयार होतं. बाई सही करत होत्या.

"लाख ठेवा इथं," बाई म्हणाल्या. "आणि हे काय आणलंत?"

"बाई, सात नंबरची स्लाइड मुळाची नाही. खोडाची आहे."

बाईंचं पेन थांबलं. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मी कापलीय."

"ती पेटीतली आहे, बाहेरून आलेली."

"पेटीतली फुटली होती. तुम्ही एका रात्रीत नवी मागितली होती. मूळ खणायला वेळ मिळाला नाही, मी फांदी कापली आणि मूळ म्हणून चिठ्ठी लावली. चूक माझी. पण स्लाइड खोडाची आहे, आणि त्या बाईनं बरोबर लिहिलंय."

"अहो, अकरा वर्षं मी ती स्लाइड शिकवतेय!"

"नाही बाई," लालबोटे म्हणाला. त्याचे गुडघे इतके दुखत होते की भीतीला जागाच उरली नव्हती. "अकरा वर्षं मी ती मायक्रोस्कोपखाली लावून देतोय, आणि तुम्ही चिठ्ठी वाचताय."

बाईंचा चेहरा असा झाला की त्याला वाटलं, आता शेरा राहिला बाजूला, टेबलावरचा शिक्काच डोक्यात बसणार.

परीक्षक खुर्चीतून उठले. पट्ट्यामुळे त्यांना मान वाकवता येत नव्हती, म्हणून त्यांनी मायक्रोस्कोपच उचलून दोन जाड पुस्तकांवर ठेवला आणि कमरेतून पुढं झाले. खूप वेळ बघत राहिले. चाक फिरवलं, परत फिरवलं.

"भेंड आहे," ते म्हणाले.

"सर, पण..."

"आहे हो. लख्ख आहे. मधमाशीच्या पोळ्यासारखं." मग डोळा न काढताच म्हणाले, "काप सुरेख निघालाय."



बाई बसल्या. आता त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. कधी नव्हे ते त्याला वाटलं, यांचीही पाठ दुखत असणार. "म्हणजे एकेचाळीस चुकले," त्या म्हणाल्या. "एकेचाळीस जणांचे दोन-दोन गुण काढायचे. आठ-नऊ पोरं गळतील. त्यांचे पालक येतील. मग कुणीतरी विचारेल, मागच्या वर्षीच्या पोरांचं काय? त्याच्या मागच्या? त्यातली दोन आता स्वतः शिकवतायत. लालबोटे, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय घेऊन आलात ते?"

"कळतंय बाई. म्हणूनच अकरा वर्षं नव्हतो आणत."

"सर, तुम्हीच सांगा आता."

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. पाचला वीस कमी. "सातवा प्रश्न रद्द," ते म्हणाले. "सगळ्यांना दोन-दोन गुण देऊन टाका. कुणाचं जात नाही. हिचे एकवीस होतात."

"तांत्रिक कारणास्तव," बाई लगेच म्हणाल्या. त्यांच्यात जीव आला. "स्लाइड सदोष असल्याने."

"स्लाइडमध्ये दोष नाही," लालबोटे म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे बघितलं.

"दोष चिठ्ठीत आहे. आणि बरोबर उत्तर एकटीचं होतं. चुकीचं लिहिणाऱ्यांना दोन आणि बरोबर लिहिणारीलाही दोनच?"

"मग काय, तिची मिरवणूक काढू?" बाई कडाडल्या. "तुमच्या आळसावर मी पांघरूण घालतेय आणि वर तुम्ही मला न्याय शिकवता? जबाब लिहून द्या. आत्ता. आणि 'सदोष' लिहा."

त्यानं कागद घेतला. शिक्षण दहावीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखं. सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याच हातच्या ना. त्यानं लिहिलं: 'स्लाइड खोडाची आहे. चिठ्ठी मुळाची लावली. मी लावली. स्लाइड चांगली आहे.' खाली सही.

बाईंनी वाचलं आणि तो कागद परीक्षकांपुढं धरला. "बघा. हा जबाब आहे का भांडण?"

"लिहू द्या हो त्यांना," परीक्षक कंटाळून म्हणाले. "माझी गाडी जाईल. आमच्या विभागात शेवाळाची एक स्लाइड आहे, तिच्या काचेला तडा गेलाय. तीस वर्षं मी ती तड्यावरून ओळखतो. आता परत जाऊन ती आधी बघावी लागणार, त्याचीच मला धास्ती पडलीय."

कागद बाईंच्या खणात गेला, आणि खण बंद झाला. तो पुन्हा कधी उघडेल याची लालबोटेला काही आशा नव्हती. तीन महिन्यांनी हिशेब चुकता करायच्या दिवशी उघडला तर उघडला. पाकिटात गेला तो बाईंनी लिहिलेला 'तांत्रिक कारणास्तव' वाला. त्यानं दिवा पेटवून त्यावर कांडी धरली, लाल लाख पाकिटावर टपटप पडली, आणि बाईंनी शिक्का दाबला. खरं बाहेर राहिलं, तांत्रिक कारण आत गेलं. पण एकवीस आत गेले, हेही खरं.

"सोमवारी मला मुळाची स्लाइड हवी," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "या वेळी मुळाची."

"हो बाई."

तो खुरपं शोधून खाली उतरला. सोमवारला अवकाश होता, घरी जायला हरकत नव्हती. पण घरी गेला असता तर उद्या आला नसता, हे त्याला स्वतःबद्दल अकरा वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

तुतीखाली रोपवाली उभी होती. शेजारी दप्तर पाठीला अडकवलेला तिचा मुलगा, तोंड जांभळं करून फळं खात होता. शाळेतून पोराला घेऊन परत आली होती.

"काका," ती म्हणाली, "एक विचारू? गुण नाही विचारत. ते तुम्ही सांगणार नाही, मला माहितीय."

"विचार."

"सातवं काय होतं? सगळे म्हणतायत मूळ. एकेचाळीसच्या एकेचाळीस. म्हणतात, कोपऱ्यात बुडबुडा होता, तुला दिसला नाही का? मी बुडबुडा बघितलाच नाही. मला मध्ये भेंड दिसलं. चांगलं दोनदा बघितलं मी. आता मला वाटायला लागलंय, की थकलेल्या डोळ्यांना काहीही दिसतं." तिनं डोळे चोळले. "तसं असेल तर बियाणं तपासायला मी कुठल्या तोंडानं जाऊ? तिथं दुसरं कामच काय, बघायचं आणि दिसलं ते सांगायचं."

लालबोटे मातीत बसला. बसताना दोन्ही गुडघे वाजले.

"तू काय लिहिलंस?"

"खोड."

"मग खोडच."

त्याला वाटलं, आणखी सांगावं: मी कापलं, मी चिठ्ठी लावली, मीच बुडबुडा पढवला. पण ते सांगायचं तर तिनं आपल्याला काहीतरी म्हणावं लागेल, माफ केलं किंवा नाही केलं असं, आणि दिवसाच्या शेवटी तिच्यावर तेवढं ओझं कशाला? त्यानं नुसतं म्हटलं, "याच झाडाचं."

तिनं मान वर करून तुतीकडे बघितलं, मग त्याच्या लाल बोटांकडे, आणि मग त्याच्या खुरप्याकडे. तिला कळलं असावं. न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

"मला वाटलंच होतं, हे हातानं काढलेलं आहे," ती म्हणाली. "पेटीतल्या स्लाइडी इतक्या चांगल्या नसतात." मग तिचा आवाज बदलला. "पण काका, एकेचाळीस जणांना तुम्ही ते बुडबुड्याचं सांगितलंत?"

"हो."

"अशानं रोपं मरतात," ती म्हणाली. रागानं नाही. नर्सरीत नवीन माणसाला सांगावं तसं.

"माहितीय," लालबोटे म्हणाला, आणि त्यानं खुरपं मारलं. जमीन तशीच होती, दगड. दांडा हलला.

"बुंध्याशी कशाला मारताय? तिथं मुळं हाताएवढी जाड असतात, पातं शिरणार नाही." तिनं चार पावलं मागं जाऊन टाचेनं एक जागा दाबली. "इथं. पन्हळीचं पाणी इथं पडतं, माती मऊ असते. बारीक मुळं पाण्याकडे आलेली असतात." मग मुलाला म्हणाली, "सोन्या, तुझी पाण्याची बाटली दे. सगळी नाही रे, अर्धी."

तिनं पाणी ओतलं, थांबली, आणि त्याच्या हातातून खुरपं घेऊन स्वतः बसली. तिच्या हातात ते मुकाट चाललं. वीतभर खाली गेल्यावर तिनं खुरपं बाजूला ठेवलं आणि बोटांनी माती काढली. आत बोटभर जाडीचं मूळ होतं, सालीचा रंग हळदीपेक्षा गडद, नारिंगीकडे झुकलेला. सव्वीस वर्षं या झाडाजवळून आतबाहेर केली, पण तुतीचं मूळ असं पिवळंधमक असतं हे लालबोटेनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

"ओलं फडकं आहे का गुंडाळायला?" तिनं विचारलं. "वाळलं तर काप फाटेल."

त्यानं खिशातून रुमाल काढून दिला. दिवसभर घाम पुसून तो ओलाच होता.